कात्री

नंबर बांधून झाला? जरा सैल ठेव.
घट्ट बांधलास तर खडकांवर दिवसभर टकटकत राहील,
डोकं उठवेल.
मी मालेफेत्साने. सगळ्यांत शेवटची सायकल माझी.
पुढे कोण गेलं, मला कधीच कळत नाही.
मागे कोण राहिलं, एवढंच माझं काम.

पहिल्यांदा येणारे मला लांबून ओळखू येतात:
बूट कोरे, पाठीवरच्या पिशवीत निम्मं घर,
आणि पहिल्या चढावर सगळे वाऱ्यावर स्वार.
तूही तसाच सुटशील. सूट.
सांगून कोणी ऐकल्याचं मला तरी आठवत नाही.
मी ऐकलं नव्हतं;
बाराव्या किलोमीटरला एका मेंढीने मला मागे टाकलं.

एकशे चार किलोमीटर, ते कागदावरचे.
नदी एकच आहे, पण ती तीनदा लागते,
आणि तिसऱ्यांदा ती तुला ओळख दाखवत नाही.
वर मालुटीच्या धारेवर श्वास उसना मिळतो,
मोजून,
घेतला न घेतला तोच परत मागतात.
उतार लागला की वाटेल, सुटलो.
हात उतारावरच जातात, पोरा.
बोटं ब्रेकवर अशी आखडतात
की संध्याकाळी बाटलीचं झाकण
दुसऱ्या कुणाकडून उघडून घ्यावं लागतं.

गुराखी पोरं बाजूने पळतील,
पायात गमबूट, अंगावर घोंगडं,
चढावर तुझ्यापुढे जाऊन हसतील.
ढकलू का, म्हणून विचारतील.
नियमात बसत नाही.
मी तेव्हा गुरांकडे बघत असतो.

दुसऱ्या थांब्यावर मालिनेओची मोतोहो मिळेल,
आंबवलेल्या ज्वारीची पेज, आंबट, कढत.
तुझ्या त्या गोड पाकिटांना तू चार तासांत विटशील.
पेज पी, पण उभ्याने पी.
तिच्या खुर्चीत बसलेला माणूस पुन्हा उठलेला
मी फार थोड्या वेळा पाहिलाय.

ऐंशीच्या पुढचं काय सांगू.
कोणी रडतं. कोणी सायकलशी भांडतं.
एक शाळामास्तर सतराचा पाढा म्हणत होता,
सातावर अडायचा, पुन्हा एकापासून.
मी मागून ऐकत होतो. उत्तर मलाही येत नव्हतं.

आणि ही कात्री.
चार वाजता चौथ्या थांब्यावर दोरी आडवी होते,
त्यानंतर येईल त्याचा नंबर मी कापतो.
शिव्या खाल्ल्यात. एकदा लाथही.

गेल्या वर्षी न्थातिसी आली, अकरा मिनिटं उशिरा,
मासेरूच्या पोस्टात शिक्के मारणारी बाई,
गुडघ्यावर चिखल वाळून पापुद्रे सुटलेले.
मी कापला.
तिने नंबर घेतला, पाकिटासारखी घडी घातली,
आणि विचारलं, "गाव कुठल्या बाजूला?"
मी हात केला. तोच रस्ता. दुसरा नाहीच.
"मग निघते," म्हणाली.

एकवीस किलोमीटर.
तिला घड्याळ नाही, मला काम नाही.
मध्येच गारा आल्या, टपाटप हेल्मेटवर,
आम्ही एका गोठ्याच्या भिंतीला चिकटलो,
बोललो काहीच नाही.
पोचलो तेव्हा अंधार.
कमान काढून गाडीत टाकलेली,
एक कुत्रं केळ्याच्या सालींत नाक घालून.
जिथे कमान असते साधारण तिथे
ती थांबली, एक पाय टेकला,
आणि बाटली माझ्यापुढे धरली.
"एवढं झाकण."

माझीही बोटं वळत नव्हती.
शेवटी दातांनी उघडलं.

असो.
तुझ्या मागच्या चाकात हवा जास्त आहे.